एका तळ्यात कोणते मासे एकत्र नांदतात?

एकाच शेतात ज्वारी व तूर यांचे मिश्र पीक घेण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवी नाही. ज्वारीची मुळे वरच्या थरात पसरतात, तुरीचे सोटमूळ खोल जाते. ज्वारी आधी निघते, तूर मागाहून. दोन्ही पिकांच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे ती एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत आणि जमिनीचा पुरा उपयोग होतो. हीच पिके न निवडता, एकाच थरातून पोषण घेणारी दोन पिके दाटीने पेरली, तर दोन्हींची वाढ खुंटते. तळ्यातील पाण्यालाही हाच न्याय लागू पडतो. पाणी हे एक शेतच आहे. फरक इतकाच, की त्याची खोली डोळ्यांना दिसत नाही.

तळ्यात मासे सोडताना बहुतेक ठिकाणी जे बीज सहज मिळेल व स्वस्त पडेल ते सोडण्याकडे कल असतो. कोणी एकाच जातीचे बीज सोडतो, तर कोणी मिळतील तितक्या जाती एकत्र करतो. पहिल्या प्रकारात पाण्याचा एक थर भुकेलेला राहतो व बाकीचे थर पडीक पडतात. दुसऱ्या प्रकारात मासे एकमेकांचे अन्न खातात, आणि काही जाती तर एकमेकांनाच खातात. दोन्ही प्रकारांत वर्षभराची राखण, खत व खाद्य यांचा खर्च होऊन जाळ्यात मात्र मूठभर मासे येतात. म्हणून मासे सोडण्यापूर्वी कोणती जात कोठे राहते, काय खाते आणि कोणाबरोबर निमूटपणे नांदते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

पाण्याचे तीन थर आणि तीन देशी मासे

तळ्यातील पाण्याचे वरचा, मधला व तळचा असे तीन थर कल्पिता येतात. वरच्या थरात सूर्यप्रकाश भरपूर मिळतो. तेथे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती व त्यांवर जगणारे सूक्ष्म जीव वाढतात. यांना प्लवंग असे म्हणतात. मधल्या थरात प्लवंगाबरोबर कुजू लागलेले वनस्पतींचे अंश तरंगत असतात. तळाशी मेलेले जीव, पालापाचोळा व शेणखताचे कण साचून चिखलात मिसळतात. या तिन्ही ठिकाणचे अन्न खाणारे तीन मासे निसर्गानेच आपल्या देशातील नद्यांत घडविले आहेत.

कटला हा वरच्या थरातील मासा होय. त्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले आणि खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो. पाण्याच्या वरच्या थरातील प्राणिप्लवंग हे त्याचे मुख्य अन्न. रोहू मधल्या थरात राहतो. त्याचे तोंड किंचित खाली वळलेले असून ओठांना झालरीसारखी कड असते. वनस्पतिप्लवंग व कुजणारे वनस्पतींचे अंश तो खातो. मृगळ हा तळचा मासा. त्याचे अंग सडपातळ असून तळाचा गाळ चाळून त्यातील सेंद्रिय कण तो टिपतो. ज्याला जे अन्न पाहिजे ते दुसऱ्यास फारसे नको असते. यामुळे हे तिघे एकाच तळ्यात सुखाने वाढतात.

या तिन्ही जातींचा आणखी एक गुण शेतकऱ्याच्या विशेष फायद्याचा आहे. हे मासे वाहत्या नदीत, पावसाळी पुराच्या वेळी अंडी घालतात; साचलेल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही. त्यामुळे जितकी पिले सोडली त्यांपेक्षा अधिक मासे तळ्यात होत नाहीत आणि खाद्याचा हिशेब चुकत नाही.

बाहेरून आलेले तीन पाहुणे

तीन देशी माशांनंतरही तळ्यात काही अन्न शिल्लक राहते. ते उपयोगात आणण्यासाठी तीन परदेशी जातींची जोड देण्यात आली. सायप्रिनस या माशाचा बँकॉक येथील वाण १९५७ साली भारतात आला, तर चंदेरा व गवत्या या जाती १९५९ साली आल्या. बाजारात चंदेऱ्यास सिल्व्हर कार्प, गवत्यास ग्रास कार्प व सायप्रिनसला कॉमन कार्प या नावांनीही ओळखतात. देशी व परदेशी जाती एकत्र वाढविण्याच्या या पद्धतीची तपासणी करण्यासाठी १९७१ साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. नुसते बीज सोडून दिलेल्या तळ्यांत हेक्टरी सुमारे ६०० किलो उत्पन्न मिळत असे. जातींची योग्य निवड, खत व खाद्य यांची जोड मिळाल्यावर वर्षाला हेक्टरी ३,००० ते ५,००० किलोपर्यंत मजल जाऊ शकते, हे अशा प्रयोगांतून सिद्ध झाले.

गवत्या हा नावाप्रमाणे पाणवनस्पती व गवत खातो. ज्या तळ्यात शेवाळ व पाणगवत माजते तेथे तो निंदणीचे काम करतो. तो खूप खातो, परंतु खाल्लेले पुरते पचवीत नाही. त्याची विष्ठा तळ्याला खत म्हणून मिळते व तिचा काही भाग तळचे मासे थेट खातात. मात्र तळ्यात गवत नसेल व बाहेरूनही हत्तीगवत, लसूणघास असा हिरवा चारा घातला नाही, तर तो इतर माशांच्या पेंडीवर तुटून पडतो. चारा घालण्याची तयारी नसल्यास गवत्या न सोडलेलाच बरा.

सायप्रिनस तळाशी राहतो व मिळेल ते खातो. तो काटक असून झपाट्याने वाढतो. पण त्याचे दोन दोष आहेत. अन्नाच्या शोधात तो तळ व मातीचा बांध उकरतो, त्यामुळे पाणी गढूळ होते व बांध कमजोर पडतो. शिवाय तो साचलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी घालतो, त्यामुळे तळ्यात नको असलेली गर्दी होते. म्हणून तो थोडाच सोडावा व मोठा होताच काढून घ्यावा.

चंदेऱ्याविषयी अधिक सावधगिरी हवी. त्याच्या कल्ल्यांतील चाळणी अतिशय बारीक असते; पाण्यातील सूक्ष्म वनस्पतिप्लवंग तो गाळून खातो. कटला प्राणिप्लवंग खातो, म्हणून दोघांत तंटा होऊ नये असे वरवर पाहता वाटते. परंतु दोघेही एकाच थरात फिरतात, आणि ज्या वनस्पतिप्लवंगावर प्राणिप्लवंग वाढावयाचा तोच चंदेरा संपवितो. परिणामी कटल्याची वाढ मागे पडते. हिमाचल प्रदेशातील भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ साली चंदेरा पुरामुळे अपघाताने शिरला. पुढील काळात त्याने तेथे असा जम बसविला, की माशांच्या एकूण उत्पन्नात त्याचाच वाटा सर्वांत मोठा झाला व कटला मागे हटला. एवढ्या विस्तीर्ण जलाशयात जे घडले ते नऊ गुंठ्यांच्या शेततळ्यात घडावयास किती अवधी लागणार? बाजारात कटल्यास चंदेऱ्यापेक्षा चांगला भाव मिळतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

किती मासे व कोणत्या प्रमाणात?

नवशिक्या शेतकऱ्याने तीन देशी जातींपासून प्रारंभ करणे इष्ट होय. दर दहा पिलांमागे कटला ४, रोहू ३ व मृगळ ३ हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य ठरते. सायप्रिनसची जोड द्यावयाची असल्यास कटला ३, रोहू ३, मृगळ २ व सायप्रिनस २ असे प्रमाण ठेवावे. पाणी बारमाही, तळे मोठे व खाद्य-खताची सोय पक्की असेल, तेव्हाच सहा जातींचा विचार करावा. त्या वेळी शंभर पिलांत कटला १५, चंदेरा २०, रोहू २५, गवत्या १०, मृगळ १५ व सायप्रिनस १५ असे वाटप करता येते. कटल्याला चांगले गिऱ्हाईक असलेल्या भागात चंदेरा वगळून त्याची जागा कटल्यास द्यावी.

पिलांची एकूण संख्या ठरविताना हेक्टरी ५,००० बोटुकली ही सुरक्षित मर्यादा मानावी. हिशेबाच्या सोयीसाठी गुंठ्याला ५० पिले हे सूत्र लक्षात ठेवण्यास सोपे आहे. खाद्य, खत व हवा खेळविण्याची व्यवस्था असलेला अनुभवी शेतकरी याहून अधिक पिले पोसू शकतो. परंतु पहिल्याच वर्षी तो मोह टाळावा.

येथे एक चूक वारंवार होते. तळे भाद्रपदात तुडुंब भरलेले असताना त्याचे क्षेत्र मोजले जाते आणि त्यावरून पिले सोडली जातात. पुढे बाष्पीभवन व पिकांना दिलेले पाणी यांमुळे तळे आटत जाते, मासे मात्र मोठे होत जातात. सप्टेंबरमध्ये ऐसपैस वाटणारे घर मार्चमध्ये कोंडवाडा बनते. म्हणून संख्या ठरविताना उन्हाळ्याच्या तोंडी जेवढा पाणपसारा राहील तेवढाच धरावा. तीस मीटर लांब व तीस मीटर रुंद शेततळ्याचा भरलेल्या स्थितीतील पसारा सुमारे नऊ गुंठे असतो. तो पुढे सहा गुंठ्यांवर येणार असेल, तर ३०० पिलेच सोडावीत. चार जातींच्या प्रमाणाने त्यांत कटला ९०, रोहू ९०, मृगळ ६० व सायप्रिनस ६० येतात.

प्लास्टिकचे आच्छादन घातलेल्या शेततळ्यात मातीचा तळ नसतो. तेथे गाळातील नैसर्गिक अन्न कमी तयार होते, त्यामुळे तळच्या माशांचे पोट भरत नाही. अशा ठिकाणी मृगळाचा एक भाग कमी करून तो रोहूला द्यावा, म्हणजे कटला ४, रोहू ४ व मृगळ २ असे प्रमाण ठेवावे आणि पूरक खाद्यावर भर द्यावा. तसेच द्राक्ष, डाळिंब यांसारख्या बागांना एप्रिल-मे महिन्यांत हेच पाणी लागणार असेल, तर मासे त्यापूर्वी काढण्याचा बेत आधीच आखला पाहिजे. बाग की मासे, असा प्रश्न ऐन उन्हाळ्यात पडू नये. सात-आठ महिनेच पाणी टिकणार असल्यास बारीक बीज न सोडता ८ ते १० सेंटिमीटर लांबीची बोटुकलीच सोडावी. ती शत्रूंपासून बचावते व हाती असलेल्या काळात विक्रीयोग्य होते.

ज्यांना तळ्यात थारा देऊ नये

मरळ, शिवडा, वाम व शिंगाळा हे मासे चवीला उत्तम असले तरी स्वभावाने मांसभक्षक आहेत. कटला-रोहूच्या पिलांबरोबर ते असणे म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस ठेवण्यासारखेच होय. मरळास चांगला भाव मिळतो, परंतु त्याचे संवर्धन स्वतंत्र तळ्यातच करावे.

चिलापी हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो मांसभक्षक नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या वयातच त्याची वीण सुरू होते. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे बहुतेक पिले जगतात. थोड्याच काळात तळे हाताच्या बोटांएवढ्या माशांनी भरते व बाकीच्या जातींना खावयास उरत नाही. उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत चिलापी मोठ्या प्रमाणावर सापडतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. सुधारित चिलापीचे संवर्धन शासनाच्या परवानगीने व स्वतंत्र बंदिस्त तळ्यातच करावयाचे असते.

आफ्रिकन मांगूर या माशावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली आहे. तो हवेतून श्वास घेतो, ओलसर जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात शिरतो व तेथील मासे फस्त करतो. स्वस्त व झपाट्याने वाढणारा म्हणून कोणी त्याचे बीज देऊ केल्यास ते घेऊ नये. तसे करणे हा कायद्याचाही भंग ठरतो.

घरातील काचेच्या टाकीत हौसेने पाळलेले मासे कंटाळा आल्यावर तळ्यात वा ओढ्यात सोडण्याची प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे. काच चाटून स्वच्छ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच उजनीच्या पाण्यात पोहोचला. त्याचे अंग खवल्यांच्या चिलखताने व काट्यांनी झाकलेले असते. तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. काचेच्या टाकीतील मासा टाकीतच राहू द्यावा, हा नियम प्रत्येक घराने पाळला पाहिजे.

तळ्याची तयारी

मातीच्या खाजगी तळ्यातील पाणी उन्हाळ्यात पूर्ण आटत असेल, तर नको असलेले मासे आपोआप नाहीसे होतात. पाणी राहत असल्यास जाळे वारंवार ओढून ते काढावेत. तरीही उरले तर मोहाची पेंड वापरता येते. एक मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी सुमारे २,५०० किलो, म्हणजे गुंठ्याला २५ किलो, पेंड भिजवून सर्वत्र पसरावी. तिच्यातील विषारी अंश दोन-तीन आठवड्यांत नाहीसा होतो आणि उरलेली पेंड खत म्हणून उपयोगी पडते. तोपर्यंत पिले सोडू नयेत.

त्यानंतर गुंठ्याला २ ते २.५ किलो चुना द्यावा. मोहाची पेंड वापरली नसेल तर चुन्यानंतर आठवड्याने गुंठ्याला २० ते ३० किलो ताजे शेण पाण्यात कालवून टाकावे व पुढे दरमहा सुमारे १० किलो द्यावे. पाण्यास हिरवट-तपकिरी रंग आला म्हणजे प्लवंग तयार झाला असे समजावे. कोपरापर्यंत हात बुडविला असता तळहात अंधुक दिसू लागणे ही त्याची सोपी खूण आहे. पाणी आरपार स्वच्छ दिसत असेल तर अन्न कमी आहे. गर्द हिरवे व साय आल्यासारखे दिसत असेल तर खत ताबडतोब थांबवावे.

बीज खरेदी व संचयन

पूर्वी या माशांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात शिवडा-मरळाची पिलेही मिसळलेली असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून कार्प माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून शुद्ध जातींचे बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

बीज शासकीय वा खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे आणि जातवार वेगवेगळ्या पिशव्यांत मागावे. सरमिसळ बीज घेतल्यास वर सांगितलेले सर्व प्रमाण कागदावरच राहते. कटल्याचे पिलू मोठ्या डोक्यावरून, तर मृगळाचे पिलू सडपातळ अंगावरून ओळखता येते. खरेदीच्या वेळी ओंजळभर पिले पाहून खात्री करावी. पिले सकाळी अथवा सायंकाळी सोडावीत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी पिशवीत घ्यावे आणि पिले आपण होऊन बाहेर पडू द्यावीत.

महिन्याची तपासणी

निवड बरोबर झाली की नाही, हे मासेच सांगतात. महिन्यातून एकदा फेकजाळे टाकून प्रत्येक जातीचे काही मासे तोलावेत व नोंद ठेवावी. कटला मागे पडून चंदेरा पुष्ट होत असेल, तर मोठे चंदेरे काढून विकावेत. मृगळ हडकुळा दिसल्यास तळाशी अन्न कमी आहे असे समजून शेणखताचा हप्ता वाढवावा. सर्वच जाती हळू वाढत असतील, तर संख्या जास्त अथवा खाद्य अपुरे आहे. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के रोज द्यावा. ढगाळ दिवसांत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडे काढून हवा गिळताना दिसले, तर पाण्यात प्राणवायू कमी झाला आहे. अशा वेळी खाद्य व खत बंद करावे, पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात फवारावे किंवा ताजे पाणी सोडावे.

गावतळ्याचा विचार वेगळा

वरील सूचना शेतकऱ्याच्या स्वतःच्या, बंदिस्त तळ्यासाठी आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने माजी मालगुजारी तलाव ही मात्र निराळी गोष्ट होय. कोहळी समाजासारख्या कसबी लोकांनी बांधलेल्या या तलावांत पिढ्यान्‌पिढ्या अनेक देशी मासे व पाणवनस्पती नांदत आल्या आहेत आणि ढिवर समाजाची उपजीविका त्यांवर चालते. तेथे मोहाची पेंड टाकून सगळे मासे मारणे, अथवा गवत्या सोडून पाणवनस्पतींचा फडशा पाडणे, म्हणजे चालते घर मोडण्यासारखे आहे. ज्या वनस्पतींत देशी मासे अंडी घालतात त्या गेल्या की मासेही जातात, आणि मग दरवर्षी बीज विकत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. याच भागातील ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांत बेशरमीसारखी माजलेली झुडपे काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे व देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे. अशा तलावांत कटला, रोहू व मृगळ सोडावयाचे झाल्यास ते माफक संख्येने सोडावेत. गवत्या, चंदेरा व सायप्रिनस यांना दूर ठेवावे. जेथे मरळ व शिंगाळा हेच गरिबाच्या ताटातील व बाजारातील मासे आहेत, तेथे त्यांना शत्रू मानून चालणार नाही.

तात्पर्य, चांगला मासा किंवा वाईट मासा असा सरसकट निवाडा करता येत नाही. एका पाण्यात जो उपकारक तोच दुसऱ्या पाण्यात अपायकारक ठरतो. पाणी किती महिने टिकते, तळ मातीचा आहे की प्लास्टिकचा, चारा व खाद्य किती देणे झेपेल, बाजारात कोणत्या माशास मागणी आहे आणि त्या पाण्यावर आणखी कोणाचा हक्क आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत व नंतरच बीजाची मागणी नोंदवावी. पावसाळ्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी विचारविनिमय करून जातवार बीजाची मागणी केल्यास ऐन वेळी मिळेल ते बीज पत्करण्याची पाळी येणार नाही.